उभ्या गाडीची ठकठक : आधी निदान, मग खर्च

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर हे कावेरीकाठचे गाव. भात व उसाची शेती आणि बसक्या बांध्याची, मांसासाठी नावाजलेली बन्नूर मेंढी ही त्याची ओळख. मेंढ्या असोत वा शेतमाल, बाजार गाठण्यासाठी पिकअप गाडी हा अशा गावांचा मोठा आधार असतो. गाडीचा मालक बहुधा तिचा चालकही असतो. पहाटे माल भरून चावी फिरवावी आणि उभ्या गाडीच्या इंजिनातून ‘ठक्-ठक्’ असा आवाज यावा, की त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. इंजिन खोलावे लागेल काय? आणि तसे झाल्यास या महिन्याचा हप्ता कसा भरावयाचा? नारायणगावचा भाजीपाला वा लासलगावचा कांदा वाहणाऱ्या वाहनधारकालाही हे प्रश्न अपरिचित नाहीत. आवाज हे केवळ लक्षण असते. त्याचे कारण क्षुल्लक असू शकते, तसेच गंभीरही. म्हणूनच तपासणी क्रमाने होणे महत्त्वाचे ठरते.

आवाज कशामुळे होतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सोळा ते वीसपट दाबली जाऊन 500 अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. फवारा आणि पेट यांच्यामध्ये क्षणाचाही अंश जातो. हा विलंब वाढला तर साचलेले डिझेल एकदम भडकते आणि ठोका ऐकू येतो. इंजिन थंड असताना व मंद गतीत सिलिंडर पुरेसे तापलेले नसते. त्यामुळे सकाळी येणारा आणि गाडी तापल्यावर विरणारा थोडा आवाज बव्हंशी स्वाभाविक होय. तापल्यावरही टिकणारी ठकठक मात्र दुर्लक्षू नये.

इंधनाची प्रतही येथे महत्त्वाची. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 मानकानुसार डिझेलचा सिटेन अंक किमान 51 असावा लागतो. हा अंक जितका अधिक, तितके डिझेल लवकर पेटते. रॉकेलच्या भेसळीने तो घटतो. सबब, खात्रीच्या पंपावर डिझेल भरून पावती घ्यावी.

बिनखर्चाच्या तपासण्या

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून ऑइलची पातळी पाहावी. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा पेटलेला असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. अशा स्थितीत चालवलेले चार किलोमीटरही क्रँक व बेअरिंगचा नाश करू शकतात.

त्यानंतर डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून पाहावा; दाबताच आवाज बदलला तर दोष क्लच वा गिअरबॉक्सकडे असण्याचा संभव अधिक. इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असल्यास धातूवर धातू आपटून तसाच भास होतो. अल्टरनेटर व वॉटर पंप यांचे बेअरिंगही झिजल्यावर खडखडतात.

आवाजाची लय

आवाजाची लयही बरेच सांगते. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह 400 वेळा उघडतो. ‘टिक्-टिक्’ असा हलका, वरच्या बाजूने व निम्म्या लयीत येणारा आवाज टॅपेटचा असू शकतो. फीलर गेजने अंतर जुळवले की तो थांबतो. खालून येणारा, जड आणि भार पडताच वाढणारा ठोका बेअरिंगची शंका निर्माण करतो.

निर्णायक चाचणी

जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत अनुभवी मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपचे नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडतो. ज्या सिलिंडरवर आवाज मंदावतो, तेथे दोष. पण तो नोझलचा की बेअरिंग-पिस्टनचा? त्यासाठी ते नोझल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहावे. आवाज नोझलसोबत सरकला तर नोझल दोषी. ते टेस्टरवर तपासून दुरुस्त करता येते. आवाज जागीच राहिला, तरच इंजिन खोलण्याचा विचार करावा. सर्वच सिलिंडर सारखे ठोके देत असतील तर पंपाचे टायमिंग पुढे सरकले आहे काय, हे पाहावे.

कॉमन रेल प्रणालीच्या नव्या गाड्यांत मात्र चालू इंजिनाचा पाइप कदापि सैल करू नये. तेथील डिझेलचा दाब 1000 बारच्याही पुढे जातो. ती धार त्वचा भेदून शरीरात शिरते. या गाड्यांची तपासणी स्कॅनरनेच करावी.

खर्चाचे नियोजन

वाहन विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज व यांत्रिक बिघाड समाविष्ट नसतात. त्यामुळे इंजिनाच्या दुरुस्तीचा भार मालकावरच पडतो. प्रत्येक फेरीच्या उत्पन्नातून थोडी रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकल्यास अशा वेळी हप्त्याला हात लावावा लागत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत केंद्राबाहेर इंजिन उघडू नये. इतर वेळीही इंजिन खोलण्यापूर्वी कोणत्या चाचण्या झाल्या ते विचारावे, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर हप्ता थकण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यांची भेट घ्यावी. इंजिनाची ठकठक असो वा हप्त्याची अडचण, वेळीच लक्ष दिल्यास दोहोंवरील उपाय स्वस्तात होतो.