तीनशेपैकी दीडशे : एफएमजीईबद्दलचे गैरसमज

बिश्केक, तिबिलिसी, मॉस्को, मनिला. लातूर-नांदेडपासून नाशिक-पुण्यापर्यंतची कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला या शहरांत जातात. पाच-सहा वर्षांनी पदवी घेऊन परतली की त्यांच्यासमोर एफएमजीई उभी राहते. परदेशात एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेतलेल्या भारतीयांना इथे नोंदणी मिळण्यासाठी ही परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय परीक्षा मंडळ २००२ पासून ती घेत आहे. सध्या वर्षातून दोन सत्रं होतात आणि अनेक सत्रांत उत्तीर्णांचं प्रमाण पंचवीस टक्क्यांपर्यंतही पोचलेलं नाही. निकाल लागला की या आकड्याभोवती नाना समजुती तयार होतात, आणि पुढच्या अटेम्प्टचा अभ्यास त्यांच्याच आधारे आखला जातो.

गैरसमज : जागा ठरलेल्या असतात, म्हणून मुद्दाम नापास करतात.

वस्तुस्थिती : एफएमजीईत जागा नाहीत, बदलता कट-ऑफ नाही, पर्सेंटाइलही नाही. ३०० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, आणि १५० गुण मिळाले की पास. शेजारच्या उमेदवाराला २४० मिळाले म्हणून कुणाचे १५१ कमी ठरत नाहीत. एमडी-एमएसच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट-पीजी’त क्रमांकावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे तिथे दुर्मीळ आजारांची बारीकसारीक माहितीही मोलाची ठरू शकते. एफएमजीईला बसणाऱ्याने आधी विचारायचं ते एवढंच, की आपले दीडशे गुण कुठून येणार?

गैरसमज : मेडिसिन, सर्जरी पक्की केली की काम झालं.

वस्तुस्थिती : गुणांची विभागणी मंडळाच्या माहितीपत्रकातच दिलेली असते. मेडिसिनला ३३ आणि सर्जरीला ३२ गुण आहेत. त्यांच्या जोडीचे त्वचारोग, मानसोपचार, अस्थिरोग, भूलशास्त्र वगैरे छोटे विषय धरले, तरी हा सगळा गट ९५ गुणांचा होतो. सगळे मिळाले तरी दीडशेला ५५ कमीच.

आता दुसरी बाजू पाहू. मुलं ज्याला ‘पीएसएम’ म्हणतात त्या सामाजिक वैद्यकशास्त्राला ३० गुण आहेत, म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राइतकेच. नेत्ररोग आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. या तीन विषयांचे ६० गुण पास होण्यासाठी लागणाऱ्या दीडशेच्या ४० टक्के भरतात, आणि त्यांचा अभ्यास मेडिसिनच्या मानाने कितीतरी आटोपशीर असतो. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, एकूण ५१ गुणांच्या. पहिल्या दीड-दोन वर्षांत शिकलेले हे विषय परतेपर्यंत पार पुसट झालेले असतात.

गैरसमज : कॉलेजच्या परीक्षेत चांगले गुण होते, म्हणजे तयारी झालेलीच आहे.

वस्तुस्थिती : शरीर सगळीकडे सारखंच असलं, तरी आजार, कायदे आणि आरोग्ययोजना देशागणिक बदलतात. भारताचं लसीकरणाचं वेळापत्रक किंवा क्षयरोग कार्यक्रमातली औषधयोजना तिकडच्या प्राध्यापकांनी शिकवावी, अशी अपेक्षाच नसते. न्यायवैद्यकाला १० गुण आहेत, आणि इथे तर जुनी पुस्तकंही दगा देतात : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. मॉस्कोच्या वॉर्डात मण्यार चावलेला रुग्ण दिसत नाही. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा वापर कसा रुजवला, हेही तिकडच्या राउंडला कानावर पडत नाही. हा भाग भारतीय पुस्तकांतूनच, वेगळा वेळ काढून करावा लागतो.

गैरसमज : नोट्स चार वेळा वाचल्या की पक्क्या होतात.

वस्तुस्थिती : चौथ्या वाचनाला पान ओळखीचं वाटतं, पण ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत बरंच अंतर असतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी ते मोजून दाखवलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचला आणि मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवडा उलटल्यावर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के.

डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराअंतराने उजळणी करणं या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. हायलायटरने रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाच्या गटात गेलं. म्हणून क्यू-बँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, ‘सगळं वाचून झाल्यावर’ उघडण्यात नुकसान आहे. प्रकरण संपलं की त्याच दिवशी वीस-पंचवीस प्रश्न सोडवावेत, चुकलेले वेगळे काढावेत आणि काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावेत.

गैरसमज : शंका असेल तर प्रश्न सोडून द्यावा, आणि पहिलं उत्तर बदलू नये.

वस्तुस्थिती : यातला पहिला सल्ला ‘नीट’च्या तयारीतून आलेला. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, एफएमजीईत कापत नाहीत. त्यामुळे इथे कोरा सोडलेला प्रत्येक प्रश्न हे निव्वळ नुकसान आहे. १५० प्रश्नांच्या प्रत्येक भागाला १५० मिनिटं मिळतात. एका प्रश्नावर अडून न बसता अंदाजाने पर्याय निवडावा आणि पुढे सरकावं.

उत्तर बदलण्याबद्दलही पुरावा आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून जास्त उत्तरपत्रिकांवरच्या खोडलेल्या खुणा संशोधकांनी तपासल्या आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्याहून थोडे जास्त बदल चुकीकडून बरोबरकडे गेलेले होते, तर बरोबरकडून चुकीकडे गेलेले सुमारे एक चतुर्थांश. बरोबर उत्तर बदलल्याची चुटपुट मनात जास्त राहते, त्यामुळे समजूत उलटी पसरली. ठोस कारण सापडलं तर उत्तर बेलाशक बदलावं.

गैरसमज : पास झालं की दवाखाना उघडायला मोकळे.

वस्तुस्थिती : परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीच्या २०२१ च्या नियमांच्या कक्षेत येणाऱ्यांना किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. परीक्षेनंतर भारतातही १२ महिन्यांची इंटर्नशिप असते. त्यासाठी महाराष्ट्रातले उमेदवार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करतात, आणि कायम नोंदणी इंटर्नशिप संपल्यावर मिळते. एमडी-एमएसच्या प्रवेशात एफएमजीईचे गुण धरले जात नाहीत, त्यासाठी ‘नीट-पीजी’ वेगळी द्यावी लागते. त्यामुळे १५५ गुणांनी पास झालेला आणि २५० गुणांनी पास झालेला, दोघांनाही तिथे नव्याने सुरुवात करावी लागते.