जमीनदारांना पुरून उरलेला मेंढपाळ

सरकारनं तुमच्या जमिनीची किंमत फुगवून लावली, असं तुमचं म्हणणं आहे? ठीक. मग एक तर सरकार तुमचा आकडा मान्य करून त्यावर कर घेईल, नाहीतर त्याच आकड्याला जमीनच विकत घेईल! न्यूझीलंडच्या करकायद्यातली ही मेख 1893 साली चेव्हियट इस्टेटीला भोवली. जमीन सुमारे 84,000 एकर, आणि तिच्यावर माणसं थोडी, मेंढ्याच फार. मालक वारला होता. विश्वस्तांनी मूल्यांकनावर हरकत घेतली. सरकारनं त्यांनीच सांगितलेल्या किमतीला, सुमारे 2 लाख 60 हजार पौंडांना, अख्खी इस्टेट उचलली आणि तिचे तुकडे पाडून शेतकरी वसवले.

तेव्हा जमीनमंत्री होता जॉन मॅकेन्झी. जन्म 1839, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, एका कुळाच्या घरात. घरची भाषा गेलिक. मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून तिथले जमीनदार गावंच्या गावं उठवत होते. 1845 मध्ये ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातल्या कुटुंबांना हुसकावलं, तेव्हा त्यांनी क्रॉइकच्या चर्चबाहेर, दफनभूमीत आसरा घेतला. खिडकीच्या काचांवर त्यांनी कोरलेली अक्षरं आजही वाचता येतात. पाच वर्षांच्या जॉननं ती उघड्यावर पडलेली माणसं पाहिली होती.

1860 मध्ये तो न्यूझीलंडमधल्या ओटागोला पोचला आणि मेंढपाळ झाला. नशिबाचा विनोद पाहा, पोट भरलं ते मेंढ्यांनीच! 1881 मध्ये तो संसदेत गेला, 1891 मध्ये मंत्री झाला. त्यानं कुळांना भाडेपट्टा दिला तो किती वर्षांचा? 999! भाडं मध्येच वाढण्याची भीती नाही.

इथवर वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच दशकात या सरकारनं माओरींकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांकडून, 25 लाख एकरांहून अधिक जमीन घेतली. 1894 च्या कायद्यानंतर माओरींना जमीन विकायची तर गिऱ्हाईक बहुतेक ठिकाणी एकच, सरकार. मग भाव कोण ठरवणार? चेव्हियटच्या विश्वस्तांना निदान स्वतःचा आकडा सांगता आला होता.

मॅकेन्झी 1901 मध्ये वारला. न्यूझीलंडमधल्या छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्याच्याइतका मोठा मंत्री क्वचितच झाला असेल. माओरींच्या जमिनीचा हिशेब मात्र त्याच्या नावावर नावेच पडतो.