परतीची फाइल

फाइलच्या पहिल्या पानावर मुलीचे नाव असते आणि बहुतेक वेळा ते खोटे असते. विकणाऱ्याने दिलेले, पोलिसांनी विचारले तर हेच सांगायचे म्हणून घोकून घेतलेले. वयही शिकवलेले, एकोणीस नाहीतर वीस. गाव कोलकात्याजवळ कुठेतरी. बांगलादेशातून आणलेल्या मुलीच्या मनावर सगळ्यात आधी बिंबवले जाते ते हे की, देशाचे नाव काढलेस तर तुरुंगात सडशील. त्यामुळे धाडीतून सुटली तरी ती लगेच खरे बोलत नाही. खरे नाव आठवड्याने येते, कधी दोन महिन्यांनी येते, आणि काम तेव्हा कुठे सुरू होते.

हे काम करणारी बाई मला मुंबईलगतच्या एका निवारागृहात भेटली. अशा गृहांचा पत्ता गुप्त ठेवतात, म्हणून तो देत नाही, तिचे नावही देत नाही. संपादकांना लेख हवा होता धाडींवर: पोलीस, खबरे, बंद खोल्या. मी तिच्या टेबलापाशी बसले आणि तिथेच गुंतले. नेमणूकपत्रात ती ‘प्रकल्प सहायक’ आहे. पत्रव्यवहार, नोंदी, देयके आणि परदेशी देणगीदाराला तिमाही अहवाल, एवढे तिचे काम त्यात लिहिले आहे. सहकारी तिला ताई म्हणतात, मुली आपा म्हणतात. ती प्रत्यक्षात काय करते, तर मुलींची घरे शोधते.

या कामाचा कागदोपत्री इतिहास भारदस्त आहे. मानवी व्यापाराविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००० सालचा, त्याला भारताने मान्यता दिली २०११ मध्ये. सार्कचा करार २००२ चा. भारत आणि बांगलादेश यांच्यात सामंजस्य करार झाला जून २०१५ मध्ये. पण मुंबईपुरते बोलायचे तर खरी सुरुवात फेब्रुवारी १९९६ पासून धरावी लागेल. तेव्हा कामाठीपुऱ्यातल्या मोठ्या धाडीत शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या मुली पुष्कळ होत्या. नेपाळ सरकार त्यांना स्वीकारायला पुढे येईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी जबाबदारी घेतली आणि त्यांतल्या बऱ्याच मुली काठमांडूला पोहोचल्या. परतलेल्यांपैकी काहींनी ‘शक्ति समूह’ ही स्वतःची संघटना उभी केली. तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले, कारण नोंदणीसाठी नागरिकत्वाचा दाखला लागतो आणि तो या मुलींकडे नव्हता. पुढे २०१३ मध्ये याच संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोठीतून सुटूनही त्या कागदापाशी अडल्या होत्या, हे मात्र पुरस्काराच्या बातमीत शोधावे लागते.

ताईचे कौशल्य आहे ते पत्ता काढण्यात. बांगलादेशी पत्त्याची उतरंड ठरलेली आहे: जिल्हा, उपजिल्हा, युनियन, गाव. तेरा-चौदाव्या वर्षी घरातून निघालेल्या मुलीला यातले गाव माहीत असते, तेही पाड्याच्या नावाने. “गाव कुठलं?” असे विचारून काहीच हाती लागत नाही, असे ताई सांगते. म्हणून ती वेगळेच विचारते. हाट कोणत्या वारी भरायचा? तिथे जायला सायकल-व्हॅन किती घ्यायची? नदी ओलांडावी लागायची का? शाळेच्या भिंतीवर काय लिहिले होते? पुराच्या वेळी तांदूळ वाटायला कोणता मेंबर आला होता? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. उपजिल्हा माहीत नसलेल्या मुलीला युनियन परिषदेच्या मेंबराचे नाव पाठ असते, कारण घरातली मोठी माणसे त्याच्या नावाने बोटे मोडत असत. मेंबर सापडला की युनियन सापडते.

मग नावाचा गुंता. बंगाली घरांत माणसाला दोन नावे असतात. घरात हाक मारायचे डाकनाम वेगळे, शाळेच्या पटावरचे भालोनाम वेगळे. शेजारी पहिले ओळखतात, दाखल्यावर दुसरे असते, आणि पोलिसांच्या जबाबात तिसरेच, कोठीतले. राष्ट्रीय ओळखपत्र मोठेपणी मिळते. त्याआधीच विकल्या गेलेल्या मुलीला ते नसणारच. उरते युनियन परिषदेतली सतरा आकडी जन्मनोंद, झाली असेल तर. त्यात लेखनाची भर. मुलगी सातखिरा जिल्ह्याला ‘शातखिरा’ म्हणते, हवालदार तसेच देवनागरीत उतरवतो, टंकलेखक इंग्रजीत तिसरेच काही करतो. त्यातून २०१८ मध्ये बांगलादेश सरकारने पाच जिल्ह्यांचे इंग्रजी स्पेलिंग बदलले, त्यात जेसोर हा सीमेवरचा जिल्हाही आला. जुन्या जबाबात एक स्पेलिंग, नव्या प्रमाणपत्रात दुसरे. ताईने भिंतीवर कोष्टक लावले आहे: मुलीचा उच्चार, बंगाली लिपीतले रूप, जुने इंग्रजी, नवे इंग्रजी. कोणत्याही नियमावलीने ते मागितलेले नाही. एका अक्षरावरून परत आलेल्या अर्जांनी तिला ते करायला शिकवले.

पत्ता हाती आला म्हणून फोन फिरवायचा नसतो, ही या कामातली सगळ्यात कठीण शिस्त. विकणारा पुष्कळदा ओळखीचा असतो. शेजारी, मावशीचा नवरा, कधी स्वतःचा नवराच. म्हणून चौकशी पलीकडच्या संस्थेमार्फत होते. त्यांचा माणूस गावात जातो आणि गाजावाजा न करता तीन गोष्टी पाहतो: घर हेच का, घरचे तिला घेतील का, आणि घेतले तर ती तिथे सुरक्षित राहील का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर मुलगी देशात परतते पण घरी जात नाही. तिच्यासाठी तिकडे दुसरा निवारा पाहावा लागतो. हे अहवाल ताई दोनदा वाचते. “घरचे रडले, असं लिहिलेलं असतं. कोण रडलं, ते मी विचारून घेते,” ती म्हणाली.

इथवर माणसांचे काम झाले, पुढे शिक्क्यांचे. बांगलादेश पोलिसांकडून पडताळणी होते, तिथले गृहमंत्रालय नागरिकत्व मान्य करते, मग त्यांचे इथले उपउच्चायुक्त कार्यालय प्रवास परवाना देते. आपल्याकडे दंडाधिकाऱ्यांचा, मुलगी लहान असेल तर बालकल्याण समितीचा आदेश लागतो. महिला व बालविकास खात्याची मंजुरी, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची देश सोडण्याची परवानगी, सोबतीला महिला पोलीस, आणि हावडा गाडीची तिकिटे. हावड्यापर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर, पुढे कोलकात्याहून सीमेवरचे पेट्रापोल ऐंशीएक किलोमीटर. पलीकडे बेनापोल. प्रत्येक कागदाची मुदत निराळी. परवाना आला तेव्हा पोलीस बंदोबस्तात गुंतलेले. पोलीस मिळाले तेव्हा आदेशाची तारीख उलटलेली. दोन्ही जुळले तर गाडीत जागा नाही. एक कडी निसटली की अख्खी साखळी मागे जाते. तोवर मुलगी गृहातच राहते. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवू शकतात. फाइल रेंगाळली की ही वर्षे त्याहून लांबतात. ज्या दाराला बाहेरून कुलूप आहे ते आपल्या रक्षणासाठी आहे, हे सोळा वर्षांच्या मुलीला किती दिवस पटवून देणार? मला तिथे जे अस्वस्थ करून गेले ते हेच.

आणि आता हे टेबलच डळमळते आहे. परदेशी देणगी नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणे बंद झाले. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या गृहांना त्याचा फटका बसला. उधळपट्टीला आळा हवा, यात वाद नाही. पण नियमांनी अहवाल लिहिण्याचा आणि दाखल करण्याचा खर्च ‘प्रशासकीय’ धरला आहे. शिवणयंत्र घेतले तर ते सेवा. पत्ता शोधून मुलीला घरी पोचवणाऱ्या बाईचा पगार कुठे दाखवायचा, यावर हिशेबनीस आणि संस्थाचालक डोके धरून बसतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा जगभरचे मानवी व्यापारविरोधी प्रकल्प अडचणीत आले. अशा वेळी पहिली कात्री लागते ती कार्यालयातल्या माणसांना, कारण छायाचित्रात ती नसतात.

पैशापेक्षाही मोठी काळजी हवेची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला आणि दोन देशांतला व्यवहार आखडला. मुंबईत ‘बांगलादेशी’ हा शब्द आता आरोपासारखाच उच्चारला जातो. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. रात्री सीमेवरून ढकलून देणे आणि पेट्रापोलच्या फाटकावर नाव वाचून दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी सोपवणे, या दोन्हीला बातमीत ‘परत पाठवले’ असेच म्हणतात. ढकललेल्या मुलीला पलीकडे घ्यायला कोण उभे असेल? बहुधा तिला आणणाराच.

केंद्रीय गृहमंत्रालयाचे १ मे २०१२ चे सूचनापत्र ताईच्या प्रत्येक फाइलमध्ये वरच लावलेले असते. परदेशी स्त्री व्यापाराची बळी आहे असे चौकशीत दिसले तर तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली आरोपपत्र ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. नव्या तपास अधिकाऱ्याला ते दर वेळी दाखवावे लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा तो कायदा जाऊन नवा आला आहे. जुन्या कायद्याचे नाव घेऊन लिहिलेले हे संरक्षण नव्या कायद्याखालीही तसेच आहे, असे मंत्रालयाने एका ओळीत पुन्हा कळवले तर पोलीस ठाण्यातला वाद मिटेल. गृहचौकशी आणि परतीच्या कागदपत्रांचा खर्च सेवाखर्च धरावा, ही दुसरी मागणी. दोन्हींसाठी नवा करार करावा लागत नाही की संसदेत विधेयक आणावे लागत नाही. ताईच्या कपाटात सध्या अशाही फाइली आहेत, ज्यांत मुलीचे खरे नाव, खरे गाव, मेंबराची चिठ्ठी, शाळेचा दाखला सगळे लागलेले आहे आणि फक्त पलीकडच्या पडताळणीचे उत्तर आलेले नाही. त्यांची स्मरणपत्रे ती दर सोमवारी पाठवते, मुलीच्या जिल्ह्याच्या नावाची चारही रूपे लिहून.