मासळी शोधणारे यंत्र घेताना : आधी जाळे पाहा, मग पडदा

खापरसारख्या दर्यापासून दूरच्या गावी कापड विकणाऱ्याने मासेमारीच्या यंत्रावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण हजच्या सफरीत माझ्या खोलीत रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे एक नौकामालक होते. ओळख टिकली. त्यांनी कर्ज काढून ‘साइड स्कॅन’ जातीचे महागडे यंत्र घेतले आणि पहिल्याच महिन्यात ते निरुपयोगी ठरले. यंत्र खोटे नव्हते. ते त्यांच्या कामाचे नव्हते. हीच चूक आपल्या आणखी कोणा भावाच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

यंत्र काय करते?

मासळी शोधण्याचे पहिले उपयोगी यंत्र जपानच्या नागासाकीत फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये बाजारात आणले. तत्त्व सोपे आहे. यंत्र पाण्यात आवाजाची लहर सोडते आणि तिचा प्रतिध्वनी ऐकते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो. 75 मीटर खोल तळावरून लहर एक दशांश सेकंदात परत येते. मध्ये मासळीचा थवा असेल तर प्रतिध्वनी लवकर येतो आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

साधे यंत्र फक्त नौकेखालचे पाहते. साइड स्कॅन डाव्या-उजव्या बाजूंचे पाहते. ही विद्या पूर्वी आरमार आणि सर्वेक्षण जहाजांकडे होती. 2005 पासून अमेरिकेच्या हमिनबर्ड कंपनीने ती लहान होड्यांसाठी आणली. आता इतर कंपन्यांचीही यंत्रे मिळतात. पडद्यावर खडक, बुडालेले लाकूड, जहाजाचा सांगाडा अगदी छायाचित्रासारखा दिसतो. दुकानात हे चित्र पाहून माणूस भुलतो.

गफलत कुठे होते?

या यंत्राची लहर बहुधा 455 किंवा 800 किलोहर्ट्झची असते. लहर जितकी बारीक, तितके चित्र स्पष्ट. पण पाणी तिला तितक्याच लवकर गिळते. म्हणून 40 मीटरहून जास्त खोलीत चित्र फिके पडू लागते. बाजूंनाही साधारण 60-70 मीटरपर्यंतच भरवसा धरावा. शिवाय चित्र नौकेच्या चालण्यानेच तयार होते. नौका सरळ रेषेत व सावकाश चालली पाहिजे. वळली, डोलली किंवा वेगात गेली की चित्र विस्कटते. आणि दिसते ते बाजूचे व मागे पडलेले. पुढे काय आहे ते दिसत नाही.

आमच्या मित्राची नौका पर्ससीनची. बांगड्याच्या थव्यामागे धावणारी. त्यांना हवे होते नौकेपुढे आणि चहूबाजूंना लहर फिरवणारे ‘सर्चलाइट’ किंवा ‘स्कॅनिंग’ सोनार. दोन्हींच्या नावांत सोनार. दोन्हींच्या कामांत जमीन-अस्मानाचा फरक. महाराष्ट्रात 2016 च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने मिळाले. त्यातला एक महिना यंत्राशी झगडण्यात गेला. खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

उलट, उथळ पाण्यात गिलनेट टाकणाऱ्याला साइड स्कॅन फायद्याचे आहे. जाळे फाडणारे खडक आधीच दिसतात. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेवर सरदार सरोवराचे पाणी आहे. 2019 मध्ये ते प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोचले. पाण्याखाली झाडे उभी आहेत आणि आदिवासी भावांची जाळी त्यांत अडकतात. काठालगत असे एक यंत्र मच्छीमार संघाने सामायिक घेतले, तर जाळ्यांचे नुकसान कमी होईल.

खरीदीपूर्वी पाहावयाच्या बाबी

पहिली बाब, आपले जाळे कोणते, खोली किती, वेग किती, हे कागदावर लिहून दुकानात जा. दुसरी, नौका लाकडी की फायबरची ते सांगा. साधा ट्रान्सड्यूसर भरीव फायबरच्या आतून चालू शकतो, लाकडातून चालत नाही. साइड स्कॅनचा तर पाण्यात उघडाच राहिला पाहिजे, तोही पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर. तिसरी, नौकेची बॅटरी 12 व्होल्टची की 24 ची, ते यंत्राशी जुळवा. चौथी, दुरुस्ती कोण करणार, सुटा भाग कुठे मिळणार, हे पक्क्या बिलासह लिहून घ्या. पाचवी, यंत्राबरोबर एलईडी दिव्यांचा आग्रह झाला तर साफ नकार द्या. त्या प्रकाशातील मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे.

बसवण्याचे काम जून-जुलैच्या बंदीकाळात, नौका किनाऱ्यावर असताना करावे. मोहीम सुरू झाल्यावर घाई होते आणि घाईत भोक चुकीच्या जागी पडते.

आपल्या शरियतने खरेदीदाराला एक मोठी सवलत दिली आहे. सौद्याच्या वेळी ‘खियार-ए-शर्त’ ठरवून घेता येतो. म्हणजे पसंत न पडल्यास माल परत करण्याची अट. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत तिची प्रसिद्ध मुदत तीन दिवसांची आहे. कोकणातला भाऊ शाफई, आम्ही खानदेशी हनफी. या बाबतीत मतभेद नाही. नौका पाण्यात उतरल्यावर ताबा घ्या, तीन दिवस चालवून पाहा, मग सौदा पक्का करा. मालातील ऐब सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण आपली गरज स्पष्ट सांगणे खरेदीदाराचेही काम आहे. ताका उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही कापड घेत नाही. मग लाखाचे यंत्र नुसता पडदा पाहून का घ्यावे?

आणि ज्यांच्याकडे आज पैसा नाही त्यांनी निराश होऊ नये. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती विनामूल्य देते. आधी तिचा लाभ घ्यावा. यंत्र फक्त मासळी दाखवते. रोजी देणारा अल्लाह आहे. कर्ज मात्र आपल्यालाच फेडावे लागते.