बंद बॅटरीचा चार्जर

पाठीवरच्या फवारणी पंपात लहान चौकोनी बॅटरी असते. वीज गेल्यावर लागणाऱ्या दिव्यातही पुष्कळदा तीच असते. लोकांची तक्रार एकच : "गुरुजी, बॅटरी वर्षभरसुद्धा टिकली नाही हो!" दोष दर वेळी बॅटरीचा नसतो. कित्येकदा तो चार्जरचा असतो. चांगला पण साधा चार्जर कसा करावा, ते पाहू.

बॅटरी का मरते?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे ॲसिड असते. अशी बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ साली प्रथम बनवली. तिचे एक घर सुमारे २ व्होल्टचे. सहा घरे जोडली की झाले १२ व्होल्ट. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे विजेचा प्रवाह.

ट्रॅक्टरच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीला बुचे असतात. पाणी आटले की आपण डिस्टिल पाणी घालतो. बंद बॅटरीत ती सोय नाही. दाब जास्त झाला की आतल्या पाण्याचा वायू होतो आणि झडपेतून निघून जातो. गेलेले पाणी परत येत नाही. बॅटरी कोरडी पडते. उलट, रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर पट्ट्यांवर कडक थर धरतो आणि ती वीज घेईनाशी होते. म्हणजे अति खाऊ घातले तरी मरण, उपाशी ठेवले तरी मरण!

भरणे कोणालाही जमते. चार्जरची परीक्षा असते ती वेळीच हात आवरण्यात. हात कोठे आवरायचा? बॅटरीवरच वाचा. 'स्टँडबाय' या शब्दापुढे बहुधा १३.५ ते १३.८ व्होल्ट छापलेले असते. 'सायकल' या शब्दापुढे १४.४ किंवा त्याहून मोठा आकडा असतो. तो लवकर भरण्यासाठी आहे. त्या दाबावर बॅटरी लावून विसरू नये. आपण १३.८ धरू. कडक उन्हाळ्यात १३.६ बरे.

चार्जरचे भाग

हे माप १२ व्होल्ट, ७ किंवा ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीचे आहे.

१. ट्रान्सफॉर्मर : २३० व्होल्टचे १८ व्होल्ट करणारा, २ अँपिअरचा.

२. चार डायोड, ३ अँपिअरचे : डायोड म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह. वीज एकाच दिशेने जाऊ देतो. चौघांचा पूल बांधला की उलटसुलट वीज एका दिशेने वाहू लागते.

३. कपॅसिटर, २२०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट : हा हौद. वीज झटक्याझटक्याने येते, येथे साठते व सरळ पुढे जाते.

४. एल. एम. ३१७ : हा टाकीतला फ्लोट. ठरलेल्या दाबाला हात आवरतो. छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली धरा. उजव्या पायात वीज येते, मधल्यातून जाते, डावा जुळवणीचा. मधल्या व डाव्या पायांत २२० ओहमचा रेझिस्टन्स लावा. डाव्या पायापासून उणे तारेपर्यंत २२०० ओहमचा रेझिस्टन्स आणि ५०० ओहमचा प्रीसेट एकापुढे एक लावा. हा भाग तापतो. त्याला ॲल्युमिनियमची मोठी पट्टी हवी. त्याची पाठ मधल्या पायाला जोडलेली असते, म्हणून ती पट्टी डब्याला टेकू देऊ नका.

५. मधल्या पायापुढे आणखी एक डायोड, मग ३.३ ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स, मग २ अँपिअरचा फ्यूज, मग बॅटरीचे अधिक टोक. डायोड असल्याने वीज गेली तरी बॅटरी उलटी रिकामी होत नाही. रेझिस्टन्स प्रवाह आवरतो.

जुळवणी

बॅटरी लावू नका. बाहेरच्या दोन टोकांत १००० ओहमचा रेझिस्टन्स तात्पुरता लावा. मीटर लावून प्रीसेट हळूहळू फिरवा. १३.८ आले की थांबा. तात्पुरता रेझिस्टन्स काढा. आता बॅटरी जोडा : अधिकला अधिक, उण्याला उणे. रात्रभरात ती बरीचशी भरेल. पूर्ण भरायला एखादा दिवसही लागेल. घाई नको.

जपा

२३० व्होल्टची बाजू जीव घेते. ती जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या आणि डब्यात बंद ठेवा. बॅटरी मोकळ्या हवेत भरा. निघणारा वायू पेट घेतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बॅटरी फुगली किंवा फार तापली तर ताबडतोब सोडवा. फवारणीचा हंगाम संपला की बॅटरी भरूनच ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा.

सांगा पाहू

१. बंद बॅटरीत जास्त दाब का चालत नाही?
२. तुमच्या बॅटरीवर 'स्टँडबाय' पुढे कोणता आकडा आहे?
३. तुमचा जुना चार्जर किती व्होल्ट देतो? मीटरने मोजून वहीत लिहा.