छोट्या इंजिनाला हवा मेंदू, पण खिशाला परवडेल असा!

डिजिटल रेल्वेचा छंद महाग म्हणून अनेकजण उंबरठ्यावरूनच परत फिरतात. पण इंजिनात बसवायचा डीकोडर नीट पारखून घेतला, तर घरातले साधे इंजिनही रुबाबात धावू लागते.

पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते पाहून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगा म्हणतो, 'बाबा, आपल्या घरी अशी गाडी आणायची?' आणि खरे तर बाबांनाच ती मुलापेक्षा जास्त हवी असते! मग परदेशातून येणारा एखादा मामा इंजिन आणि दोन-चार डबे घेऊन येतो, दिवाणखान्यात रुळांचे वर्तुळ मांडले जाते आणि महिनाभर घरात दुसरा विषय नसतो. खरी अडचण येते ती दुसरे इंजिन आल्यावर. दोन्ही इंजिने रुळांवर ठेवावीत, तर दोन्ही एकदम पळतात. एकाला थांबवावे, तर दुसरेही थांबते.

साध्या पद्धतीत रुळांमध्ये जेवढा वीजदाब सोडू, तेवढ्या वेगाने रुळांवरचे प्रत्येक इंजिन पळणार. कुणी कुणाचे ऐकायचे हा प्रश्नच तेथे नसतो. यावर जुना उपाय म्हणजे रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण लावणे. त्यात टेबलाखाली तारांचे जंजाळ होते.

डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळांत कायम पूर्ण वीज असते. एचओ मापाच्या गाड्यांसाठी साधारण १४-१५ व्होल्ट. त्याच विजेतून नियंत्रक सतत हुकूम पाठवत असतो. जुन्या वाड्यात पोस्टमन चौकात उभा राहून नाव पुकारायचा, आठवते ना? हाक सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जायची, पण ज्याचे पत्र तोच बाहेर यायचा. इंजिनातला डीकोडर म्हणजे ते बिऱ्हाड. त्याला एक क्रमांक दिलेला असतो. आपल्या क्रमांकाची हाक आली की तो मोटरला वीज देतो, दिवा लावतो, उलटे फिरवतो. बाकीच्या हाका तो कानाआड करतो.

ही पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर उभी आहे. अमेरिकेतील हौशी मंडळींच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने (ही संस्था १९३५ पासूनची) १९९० च्या दशकात तिला मानकाचे रूप दिले. ग्राहकाला याचा मोठा फायदा झाला. नियंत्रक एका कंपनीचा आणि डीकोडर दुसऱ्याच कंपनीचा असला, तरी दोघांचे जमते. स्वस्त आणि महाग यांतून निवड करण्याची मोकळीक मिळाली ती यामुळेच.

आधी इंजिन तपासा

दुकानदार विचारतो, 'डीकोडर कोणता हवा?' याचे उत्तर कॅटलॉगमध्ये नसते, तुमच्या इंजिनाच्या पोटात असते. म्हणून वरचे कवच हलक्या हाताने काढून आत पाहा.

आत छोटे सॉकेट दिसले, तर तुम्ही सुदैवी. एचओ इंजिनांत बरीच वर्षे आठ पिनांचे सॉकेट येत आले आहे. अलीकडच्या इंजिनांत २१ पिनांचे किंवा प्लक्स-२२ नावाचे, तर अगदी लहान इंजिनांत नेक्स्ट-१८ नावाचे सॉकेट सापडते. डीकोडर त्याच जातीचा घ्यावा लागतो. आठ पिनांच्या वर्गात कमी किमतीचे पर्याय भरपूर आहेत. इंजिनाच्या खोक्यावर 'डीसीसी रेडी' लिहिलेले पाहून कित्येकांना डीकोडर आतच आहे असे वाटते. तसे नसते. 'रेडी' म्हणजे फक्त जागा आणि सॉकेट तयार आहे. डीकोडर बसवूनच मिळणाऱ्या इंजिनावर 'डीसीसी फिटेड' किंवा तशाच अर्थाचे शब्द असतात.

दुसरी तपासणी विजेची. मोटर अडली की ती किती वीज ओढते, हे डीकोडर घेण्यापूर्वी ठाऊक असलेच पाहिजे. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन नेहमीच्या १२ व्होल्टच्या डीसीवर ठेवा, रुळांकडे जाणाऱ्या एका तारेच्या मधोमध मल्टिमीटर अँपिअरवर लावा. इंजिन धावू लागले की हाताने दाबून चाके क्षणभर अडवा आणि आकडा वाचा. एक-दोन सेकंदांच्या वर नको, मोटर तापते. अलीकडच्या बंदिस्त मोटरी सहसा एक अँपिअरच्या आत राहतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या उघड्या मोटरी मात्र दीड-दोन अँपिअरही ओढू शकतात. एचओ मापाचा साधा डीकोडर सतत एक अँपिअर आणि क्षणभर दोन अँपिअर सोसतो. तुमचा आकडा त्याच्या सतत सोसण्याच्या मर्यादेत बसायला हवा. बसत नसेल तर आधी ब्रश, चाके आणि दातेरी चक्रे साफ करा, थेंबभर तेल द्या आणि पुन्हा मोजा. नुसत्या साफसफाईने आकडा खाली आलेला पाहायला मिळतो. साध्या विजेवर अडखळणारे इंजिन डिजिटल केल्याने सुधारत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि हो, मामाने आणलेले इंजिन मार्कलिनचे एचओ असेल, तर थांबा. त्या कंपनीची पद्धत तीन रुळांची आहे. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी मधल्या संपर्कावरून वीज घेते. दोन रुळांच्या मांडणीवर ते चालणार नाही, मग डीकोडर कितीही चांगला असो.

पैसे कशासाठी मोजायचे?

परदेशी बाजारात साधा, बिनआवाजाचा डीकोडर साधारण २० ते ४० डॉलरला मिळतो. आवाजाचा डीकोडर १०० डॉलरच्या आगेमागे जातो. वर टपालखर्च आणि कर वेगळे. आपल्या सरकारने खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेले. लघुप्रतिकृती त्याच प्रकरणात मोडतात. त्यामुळे 'डीकोडर बसवलेले नवे इंजिनच मागवू' हा विचार मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. असलेल्या इंजिनात दोन-तीन हजार रुपयांची चकती बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग. पण ते दोन-तीन हजारही वायफळ जाऊ नयेत, एवढीच आपली चिंता.

माझ्या मते पैसे मोजावेत ते एकाच गुणासाठी: मोटरवरचा ताबा. याला 'बॅक-ईएमएफ' म्हणतात. फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज निर्माण करते. डीकोडर सेकंदात अनेकदा मोटरची वीज क्षणभर तोडतो, ही उलटी वीज मोजतो आणि त्यावरून मोटरचा खरा वेग ओळखतो. चढावर वेग मंदावला की तो आपणहून वीज वाढवतो, उतारावर कमी करतो. कर्जतहून लोणावळ्याला जाताना भोर घाटाचा १:३७ चढ लागतो आणि गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने जोडावी लागतात, हे मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना माहीत आहेच. टेबलावरही कुणी तेवढा चढ बांधला, तर बॅक-ईएमएफ नसलेले इंजिन मध्येच धापा टाकते आणि उतारावर सुसाट सुटते. तो गुण असलेले इंजिन मुंगीच्या पावलांनी फलाटाला लागते. पाहणाऱ्यांच्या तोंडून 'वा!' निघते ते अशाच वेळी.

त्याच्या जोडीला मोटर शांत चालवणारी उच्च वारंवारता हवी. ती नसलेल्या जुन्या धाटणीच्या डीकोडरवर मोटर कमी वेगाला भुंग्यासारखी गुणगुणते. हे दोन्ही गुण आज स्वस्त डीकोडरातही मिळतात. मात्र सर्वांत कमी किमतीच्या डब्यावर दोन्हींचा उल्लेख आहे ना, हे वाचूनच पैसे द्या.

दिव्यांसाठी दोन जोडण्या पुष्कळ झाल्या, एक पुढचा आणि एक मागचा. सहा-आठ जोडण्यांचा डीकोडर घेऊन त्यातल्या चार रिकाम्या ठेवणे म्हणजे दोघांच्या संसारात आठ शेगड्या मांडण्यासारखे आहे. त्यापेक्षा साठवणुकीचा कपॅसिटर जोडण्याची सोय आहे का, ते पाहा. आपल्या घरांत धूळ फार. रुळांवरच्या धुळीने वीज क्षणभर तुटली की इंजिन अडते आणि आवाजाचे इंजिन तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हा कपॅसिटर तेवढा क्षण निभावून नेतो. तो आज घ्यायलाच हवा असे नाही, पुढे जोडता आला तरी पुरे.

कंपन्यांची नावे हवीत? अमेरिकेतील डिजिट्रॅक्स, एनसीई आणि टीसीएस, जर्मनीतील लेन्झ आणि ईएसयू, ऑस्ट्रियातील झिमो ही जुनी, जाणती नावे. चीनमधील लाइसडीसीसीचे डीकोडर त्यांच्याहून स्वस्त पडतात आणि पहिल्या प्रयोगासाठी अनेकजण तेच वापरतात. बिघडलेला डीकोडर परदेशी परत पाठवण्याचा खर्च त्याच्या किमतीएवढा होऊ शकतो. त्यामुळे देशातल्या देशात, विकण्यापूर्वी चालवून दाखवणारा विक्रेता दोन-तीनशे रुपये जास्त घेत असला तरी तो परवडतो.

आवाजाचा मोह मात्र जपून. डिझेल इंजिनाची घरघर आणि भोंगा ऐकून मुले हरखून जातात, यात शंका नाही. पण परदेशी आवाजाच्या डीकोडरात सहसा परदेशी इंजिनांचेच आवाज असतात. एकाच इंजिनाला आवाज देण्याच्या किमतीत तीन साध्या इंजिनांना डीकोडर बसतो. शिवाय स्पीकरला जागा लागते, आणि लहान इंजिनात ती शोधता शोधता आतले वजन कापावे लागते. वजन घटले की ओढण्याची ताकदही घटते.

बसवताना जीव मुठीत

सॉकेट असेल तर काम पाच मिनिटांचे. आठ पिनांचा प्लग उलटा बसला, तर सहसा नुकसान होत नाही, फक्त दिवे लागत नाहीत. काढून फिरवून बसवावा. सॉकेट नसेल तेव्हा तारांचे रंग पाठ करावे लागतात. लाल तार उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, आणि निळी दिव्यांची सामाईक.

येथे एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. जुन्या इंजिनांत मोटरचे एक टोक थेट इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला आणि सांगाड्यातून रुळाला जोडलेले असते. ते पूर्ण तोडल्याशिवाय डीकोडर लावला, तर वीज सोडल्याबरोबर तो जळतो. धुराची एक रेघ, करपट वास, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत दोन-तीन हजार रुपये गेलेले! म्हणून मोटर सांगाड्यापासून वेगळी झाली की नाही, हे मल्टिमीटर लावून दोनदा तपासा. मोटर आणि चाके यांच्यात कोठेही जोड दाखवता कामा नये.

जुन्या इंजिनांतले काही बल्ब जेमतेम दीड व्होल्टचे असतात. ते डीकोडरला थेट जोडले तर लगेच जातात. त्याऐवजी एलईडी लावून सोबत एक किलोओहमचा रेझिस्टर घालावा. झाळलेले जोड उष्णतेने आकसणाऱ्या नळीने झाका. पण डीकोडर स्वतः चिकटपट्टीत गुंडाळू नका. त्याला हवा लागते, आणि नागपूरकडच्या वाचकांना मे महिन्यात ते वेगळे सांगायला नको.

सगळे जोडले तरी इंजिन लगेच मुख्य रुळांवर ठेवायचे नाही. बहुतेक नियंत्रकांना 'प्रोग्रॅमिंग'साठी वेगळी जोडणी असते. तेथे वीज मोजकीच सोडली जाते, त्यामुळे तारांची चूक असली तरी डीकोडर सहसा वाचतो. तेथे इंजिन ठेवून त्याचा क्रमांक वाचा. नवा डीकोडर बहुतेक वेळा '३' असे उत्तर देतो. उत्तरच आले नाही, तर कवच पुन्हा उघडा.

नियंत्रक नसेल तर डीकोडर शोभेचा, हे आधीच हिशेबात धरा. तयार संच महाग असतात. पण आर्डुइनोचे सर्किट आणि मोटर शील्ड घेऊन डीसीसी-ईएक्स हा मोफत आज्ञासंच त्यात भरला, तर थोडक्यात काम होते. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर हे काम त्यांच्यावर सोपवावे. वायफायची जोड दिली की मोबाइलच नियंत्रक होतो, आणि आजोबांनाही इंजिन चालवता येते.

क्रमांक दिल्यावर थोडी मशागत बाकी राहते. डीकोडरच्या पोटात 'सीव्ही' नावाची क्रमांकित खानी असतात. पहिल्यात इंजिनाचा क्रमांक, दुसऱ्यात निघतानाचा वीजदाब, तिसऱ्यात वेग किती सावकाश वाढावा, चौथ्यात किती सावकाश कमी व्हावा, पाचव्यात कमाल वेग. तिसऱ्या-चौथ्यात थोडे आकडे वाढवले की इंजिन झटका न देता सुटते आणि खऱ्या गाडीसारखे जडपणे थांबते. आकड्यांचा फारच गोंधळ झाला, तर बहुतेक डीकोडरांत आठव्या खान्यात ८ लिहिताच सगळे मूळपदावर येते.

पुढे घाटातल्यासारखी दोन इंजिने एका गाडीला जोडायची इच्छा असेल, तर आजच एक ठरवा: दोन्हींचे डीकोडर एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे घ्यायचे. एकोणिसाव्या खान्यात दोघांना एक सामाईक क्रमांक देता येतो. मात्र दोघांचे वेग जुळले नाहीत तर एक ओढते, दुसरे अडवते आणि बॅक-ईएमएफमुळे ही भांडणे आणखी वाढतात. डीकोडर एकाच प्रकारचे असले की दुसऱ्या आणि पाचव्या खान्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करून जोडी लावणे सोपे जाते.

ज्या इंजिनाला अजून डीकोडर बसवला नाही, ते मात्र डिजिटल रुळांवर उभे करून ठेवू नका. ते जागचे हलत नाही, पण त्याची मोटर गुणगुणत राहते आणि आतल्या आत तापते. तोवर त्याला कपाटातच विश्रांती द्या.