पाटीवरचें आणि पटलावरचें

गेल्या वैशाखांत आमच्या नातीचा दहावीचा निकाल लागला. संस्कृतांत ९८ गुण पाहून आम्हांस जें भरतें आलें, त्या भरांत तिच्या गुणपत्रिकेचें छायाचित्र आम्हीं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-मंडळांत धाडून दिलें. तेथून तें कोणाच्या सासरीं, तेथून आणखी कोणाच्या सोसायटींत गेलें, आणि रात्रीपर्यंत एका खासगी शिकवणीवर्गाच्या जाहिरातींत जाऊन बसलें. त्या वर्गाचें तोंडहि मुलीनें पाहिलेलें नाहीं! ती डोळे पुसत आमच्यापुढें उभी राहिली व एवढेंच म्हणाली, "आजोबा, मला एकदां विचारायचं तरी होतंत." सारा जन्म दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावण्यांत गेलेला, पण त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्या कागदावर तिचें पूर्ण नांव, आईचें नांव व बैठक क्रमांक होता. मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल उघडावयास बैठक क्रमांक आणि आईचें नांव हींच दोन विचारतात. म्हणजे कुलूप व किल्ली दोन्हीं आम्हींच चव्हाट्यावर मांडलीं होतीं. धाडलेला निरोप मागें घेतां येतो असें कळलें, पण इतरांनीं पुढें पाठविलेल्या प्रती त्यानें पुसल्या जात नाहींत.

रविवारीं आमच्याकडे आठवी-नववीचीं आठ-दहा मुलें सुभाषितें पाठ करावयास येतात. त्यांच्यापुढें आम्हीं हा अपराध कबूल केला आणि दोन रविवार सुभाषितें बाजूस ठेविलीं. उपदेश न करितां एक छायाचित्र दाखविलें, आमच्याच घरांतील एका मुलाच्या वाढदिवसाचें. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करितात, तसें यावरून काय काय कळतें तें सांगा, म्हटलें. गणवेशाच्या खिशावरील चिन्हावरून शाळा कळली. केकवरील १४ चा आंकडा आणि चित्राची तारीख यांवरून जन्मदिवस निघाला. खिडकींतून दिसणाऱ्या देवळाच्या कळसावरून एकानें गल्लीहि सांगितली! घरांत कुत्रा आहे, वडील चित्रांत नाहींत, मुलाचा पाय प्लॅस्टरांत आहे, असें एकेक निघत गेलें. शेवटीं एक मुलगी हळूच म्हणाली, "हा मुलगा दुपारी घरी एकटा असणार." सारी खोली गप्प झाली. शिवाय फोनाच्या कॅमेऱ्यांत स्थळाची नोंद चालू असेल, तर चित्र कोठें व केव्हां काढलें हें त्या चित्राच्याच पोटांत अक्षांश-रेखांशांसह लिहिलेलें राहतें.

या झाल्या आपण होऊन उमटविलेल्या पाऊलखुणा. न कळत उमटणाऱ्या निराळ्या. १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं 'कुकी' नांवाची युक्ति काढली. ग्राहकानें टोपलींत काय घातलें तें दुकानास आठवावें, हा तिचा मूळ उपयोग. पुढें तिच्याच आधारें एका स्थळावरून दुसऱ्या स्थळीं माणसाचा माग काढूं लागले. चित्रगुप्तहि सर्वांची वही ठेवितो, परंतु ती जाहिरातदारांस विकत नाहीं.

मुलांना दोन हकीकती सांगितल्या. २०१७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें निदान दहा विद्यार्थ्यांचे मिळालेले प्रवेश रद्द केले, कारण त्यांनीं फेसबुकवरील खासगी गटांत ओंगळ विनोद टाकले होते. खासगी म्हटलेलें खासगी राहिलें नाहीं. दुसरी आपल्याकडची. २०१२ सालीं मुंबई बंद असतां पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली, आणि दोघींस अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेथें आधार घेतला, तें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं घटनाबाह्य ठरविलें. यावर एक मुलगा ताडकन् म्हणाला, "मग आम्ही काही लिहायचंच नाही का?" प्रश्न रास्त होता. या दोन गोष्टी एका मापानें मोजूं नयेत, असें आम्हीं सांगितलें. पहिलींत लिहिणारांचा दोष, दुसरींत पकडणारांचा. भिऊन गप्प बसणें आणि विचार करून लिहिणें यांत अंतर आहे. पण तें चौदा वर्षांच्या मुलास दोन वाक्यांत पटविणें सोपें नाहीं, आणि आम्हांस तें पुरतें साधलें असें वाटत नाहीं.

कायदा मुलांकडे अधिक मायेनें पाहूं लागला आहे. २०१७ च्या खासगीपणाविषयींच्या निकालांत न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं, पोरवयांतील चुका जन्मभर पाठीशीं लागूं नयेत, असें मत लिहिलें. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमांत अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. हें वाचून आमची नात म्हणाली, "पण पालकच चित्र टाकत असतील तर?" पुनः आम्ही निरुत्तर!

त्या शिकवणीवर्गास आम्हीं दोन पत्रें घातलीं, तेव्हां जाहिरात उतरली. नातीनें आमच्या फोनांतील स्थळाची नोंद बंद करून दिली. पुढील महिन्यांत पुतण्याच्या मुलाचें बारसें आहे. बाळाचें चित्र कोणीं कोठेंहि टाकूं नये, अशी ओळ निमंत्रणांत घालावी, असें आम्हीं सुचविलें आहे. घरांत त्यावर अजून एकमत झालेलें नाहीं.